झिओलाइटचा स्फटिक घडतो कुठे : जेलमध्ये की पाण्यात?

फिल्टरप्रेस :
नमस्कार मंडळी. विषय रसायनाचा आहे, पण बडोद्यात रसायनाशी संबंध नसलेलं घर शोधावं लागेल, म्हणून बिनधास्त इथेच टाकतोय. नंदेसरीच्या बाजूला मी जिथे शिफ्ट बघतो तिथे धुण्याच्या पावडरीत पडणारा ४ए झिओलाइट बनतो (झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची, आत बारीक पोकळ्या असलेली स्फटिक जाळी). एका टाकीत सोडियम सिलिकेट, दुसरीत सोडियम ॲल्युमिनेट. दोन्ही द्रावणं नितळ. एकत्र सोडली की माल जेल होऊन असा काही आवळतो की स्टिररची मोटर कण्हायला लागते. मग हळूहळू सैल होतो, आणि नव्वद अंशांच्या पुढे तापवत ठेवला की काही तासांत पांढरी, पटकन खाली बसणारी भुकटी. गाळा, धुवा, सुकवा, पोती भरा.

मध्यंतरी रात्रपाळीत फिल्टर प्रेसची कापडं गेली आणि स्टोअरमध्ये जोड नव्हता. तयार बॅच सकाळपर्यंत तशीच गरम फिरत राहिली. सकाळी पाण्यातला कॅल्शियम धरायची क्षमता तपासली तर पार घसरलेली. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायची तपासणी) नाव आलं सोडालाइट, म्हणजे भलताच स्फटिक. वरून निकाल लागला : कच्चा माल खराब. अहो, त्याच बॅचचं रात्रीचं सॅम्पल झकास होतं!

ते भांडण मी बघून घेईन. मला विचारायचंय ते वेगळंच. जेल झालं तेव्हा एक्सआरडीला त्यात काहीच दिसत नाही, नुसता एक पसरट उंचवटा. तासाभरानेही तेच. मग अचानक टोकदार रेघा उगवतात आणि भराभर वाढतात. तो स्फटिक येतो कुठून? जेल आतल्या आत शिस्तीत लागतं, की विरघळून पाण्यातून पुन्हा बसतं? आणि एकदा झाला म्हटल्यावर थांबत का नाही?

सूरसागर_काठ :
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात तुमच्या भांडणाचंही उत्तर आहे.

झिओलाइट ए, म्हणजे तुमचा ४ए, हा त्या मिश्रणातला सर्वात स्थिर पदार्थ नव्हेच. तो वाटेवरचा थांबा आहे. रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डने सांगून ठेवलंय की पदार्थ थेट सर्वात स्थिर रूपात जात नाही, आधी जे रूप लवकर बनतं ते बनतं, मग त्याहून स्थिर, मग त्याहून. तुमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये क्रम असा : आकारहीन जेल, मग ए, मग सोडालाइट. सोडालाइट जास्त घट्ट रचलेला, त्यामुळे जास्त स्थिर. कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) जितकं तेज आणि उष्णता जितकी जास्त, तितका हा प्रवास लवकर. तेव्हा साहेबांना सांगा की कच्च्या मालाने आपलं काम चोख केलं, फक्त त्याला वेळेवर उतरवलं नाही. कापडं मिळत नव्हती तर निदान जॅकेटमध्ये थंड पाणी सोडून बॅच गार करून ठेवायला हवी होती.

क्षमता का घसरली तेही बघा. दोन्ही पदार्थांत तेच सिलिकॉन, तेच ॲल्युमिनियम, आणि भोवती ऑक्सिजनचे चौफलक (चार कोपऱ्यांना चार ऑक्सिजन). प्रत्येक ॲल्युमिनियममागे एक ऋण भार, तो फेडायला एक सोडियम. हाच सोडियम कॅल्शियमशी अदलाबदल करतो. झिओलाइट ए मध्ये सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम एकास एक, म्हणजे शक्य तेवढं सगळं ॲल्युमिनियम ठासून भरलेलं. दोन ॲल्युमिनियम एकाच ऑक्सिजनला टेकून बसत नाहीत, हा लोवेनस्टाइनचा १९५४ चा नियम, म्हणून याहून जास्त मावतच नाही. सूत्र मांडून हिशेब केलात तर पाणी काढून टाकलेल्या एका ग्रॅमला सुमारे ३५२ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षमता निघते. सोडालाइटमध्येही सोडियम आहे, पण आत जायचं दार फक्त सहा चौफलकांच्या कड्याचं. ए मध्ये आठांचं, सुमारे ४ अँगस्ट्रॉम (०.४ नॅनोमीटर) रुंद. सहाच्या कड्यातून पाण्यातला कॅल्शियम धड जात नाही. माल आत आहे आणि दार बंद आहे.

आता मूळ प्रश्न. मी जन्मभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की स्फटिक द्रावणातूनच वाढतो, आणि अजूनही तेच सांगेन. १९६६ मध्ये मोबिल कंपनीच्या जॉर्ज केर यांनी फार सुंदर प्रयोग केला. दोन गाळण्या घेतल्या. एकीत आकारहीन जेल, दुसरीत झिओलाइट ए चे थोडे तयार स्फटिक. गरम कॉस्टिकचं पाणी पहिलीतून दुसरीत आणि दुसरीतून परत पहिलीत फिरवत ठेवलं. जेल आणि स्फटिक यांची गाठच पडत नाही, मधे फक्त पाणी. तरी पहिल्या गाळणीतलं जेल घटत गेलं आणि दुसरीतला झिओलाइट वाढत गेला. माल पाण्यातूनच गेला ना?

म्हणून तुमचं घट्ट जेल म्हणजे कोठार समजा. कॉस्टिक त्यातून सिलिकेट आणि ॲल्युमिनेट सोडवतं, स्फटिक ते पाण्यातून उचलतात, की लगेच कोठारातून तेवढंच पाण्यात येतं. पाण्यातलं प्रमाण बराच काळ जवळपास तेवढंच राहतं आणि स्फटिकाचा पृष्ठभाग मोजक्या वेगाने पुढे सरकतो. कोठार संपलं की वाढ संपली.

रोकडा_सवाल :
काका, मान्य. पण मग एक कोडं सोडवा. एक्स आणि वाय प्रकारचा झिओलाइट करताना जेल आधी गार ठेवून द्यायचं असतं, बऱ्याचदा पूर्ण दिवसभर. मुरवलं नाही तर तापवल्यावर भलतंच निघतं, पी नावाचा नको असलेला प्रकार डोकं वर काढतो. थंड जेल नुसतं पडून असतं. सगळं काही पाण्यातूनच होत असेल तर त्या पडून राहण्यात काय घडतं? आणि तिथे फार ढवळायचंही नाही म्हणतात. एवढे नखरे कशाला?

मधुरा_सामा :
मी या विषयात पीएचडी करतेय (झेडएसएम-५ नावाच्या झिओलाइटवर, तुमच्या ४ए चा श्रीमंत चुलतभाऊ), म्हणून मधे तोंड घालते. रोकडा सवाल यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. काकांचं उत्तर वाढीबद्दल आहे. बीज कुठे पडतं हा प्रश्न वेगळा, आणि वाद जो चालतो तो तिथेच.

खडीसाखर आठवा. साखरेचा रेणू पाकात तोच असतो आणि खड्यातही तोच. फक्त रांगेत लागतो. झिओलाइटमध्ये असा तयार रेणू नसतोच. पाण्यात सिलिकेटचे लहानमोठे तुकडे असतात, ॲल्युमिनेट असतं, आणि स्फटिक व्हायचं तर ऑक्सिजनचे बंध तुटून नव्याने जुळावे लागतात, तेही पुन्हा पुन्हा, चुकलेला बंध उसवून. हे उसवणं हायड्रॉक्साइडमुळे होतं. म्हणून कॉस्टिक लागतं. पीएच कमी केला तर जेल जेलच राहतं, आणि फार वाढवला तर सगळं विरघळून जातं किंवा थेट सोडालाइटकडे धावतं.

मग पहिला नीट लागलेला तुकडा कुठे जमतो? स्वेतलाना मिंतोवा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सायन्स नियतकालिकात झिओलाइट ए वर याच प्रश्नाचं काम छापलं. त्यांनी जेलचे सुटे सुटे कण घेतले, ४० ते ८० नॅनोमीटरचे, आणि खोलीच्या तापमानाला ठेवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघत राहिले. पहिला स्फटिक जेलच्या कणाच्या आत उगवलेला दिसला. भोवती सगळं विस्कळीत आणि मधेच एका कोपऱ्यात जाळीच्या सरळ रेघा. पुढे तो स्फटिक तोच कण खात खात मोठा होतो. नंतर तापवल्यावर मात्र लहान स्फटिक विरघळून मोठ्यांच्या अंगाला लागतात, म्हणजे पुन्हा काकांचं पाणी.

तेव्हा मुरवण्यात काय होतं, तर बिजांची पेरणी. गार असताना वाढ जवळजवळ थांबलेली असते, पण जेलच्या पोटात, विशेषतः जेल आणि पाण्याच्या सीमेवर, छोटे छोटे नीट लागलेले भाग जमत राहतात. तापवलं की सगळे एकदम वाढायला लागतात, आणि बिजं भरपूर झाल्यामुळे शेवटी स्फटिक लहान पण एकसारखे मिळतात. मुरवलं नाही तर हव्या त्या प्रकाराची बिजं कमी, आणि तेवढ्या वेळात पी आपली जागा करून घेतो. जोरात ढवळल्यानेही पी ला फावतं.

सूरसागर_काठ :
मधुरा, बीज जेलमध्ये पडतं याला माझी हरकत नाही. माझी हरकत "जेल आतल्या आत स्फटिक होतं" या सरसकट विधानाला आहे, जे फ्लॅनिजेन आणि ब्रेक यांनी १९६० मध्ये मांडलं होतं. फ्लॅनिजेनबाईंबद्दल अतोनात आदर आहे, १९५२ पासून युनियन कार्बाइडमध्ये त्यांनी जे केलं त्यावर अर्ध्या जगाच्या रिफायनऱ्या चालतात. पण केरचा प्रयोग त्यानंतरचा आहे.

आणखी एक नाव राहून जायला नको : लेनिनग्राडचे झ्दानोव. त्यांनी युक्ती केली. वेळोवेळी नमुना काढून त्यातल्या सर्वात मोठ्या स्फटिकाची लांबी मोजली. ती वेळेबरोबर सरळ रेषेत वाढताना दिसली. मग शेवटच्या मालात कोणत्या मापाचे किती स्फटिक आहेत हे मोजून उलटा हिशेब केला. अमुक मापाचा स्फटिक जन्मला कधी असेल? यातून बिजं कधी किती पडली याचा आलेख निघाला. बहुतेक जन्म सुरुवातीच्या काळात, जेव्हा एक्सआरडीला काहीच दिसत नाही. फिल्टरप्रेस, तुमचा तो "अचानक" म्हणजे हा. स्फटिक आधीपासून असतात, दिसण्याइतका माल झालेला नसतो. पृष्ठभाग वाढला की उचल वाढते, त्यामुळे आलेख आधी सपाट, मग उभा, मग पुन्हा सपाट.

दगडफोड्या :
रसायनवाल्यांनो, हे सगळं आपल्या पायाखालच्या दगडात कोणी न ढवळता झालंय, तेवढं ध्यानात असू द्या. दख्खनच्या लाव्ह्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. नंतर त्यांतून कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. बसाल्टमधली ज्वालामुखी काच विरघळली की पाणी अल्कधर्मी होतं, आणि तेच सिलिका, ॲल्युमिना, कॅल्शियम घेऊन पोकळीत येतं. नाशिक, जळगाव, पुण्याच्या खाणींतून निघणारे स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे झुबके जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ॲपोफिलाइट त्यांच्या शेजारी बसतो, पण तो झिओलाइट नव्हे. विकणारे खुशाल एकाच नावाखाली विकतात.

पावागडचा डोंगरही त्याच उद्रेकाचा. आपण दर्शनाला जातो आणि पायऱ्या मोजतो, दगडाकडे कोण बघतं!

एक मजेची गोष्ट. वॉकर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९६० मध्ये पूर्व आइसलँडमध्ये दाखवलं की लाव्ह्याच्या थरात जसजसं खोल जावं तसतसे झिओलाइटचे प्रकार बदलतात, कारण खाली जास्त गरम. त्या पट्ट्यांवरून त्याने वरचा किती लाव्हा झिजून गेला याचा अंदाज बांधला. म्हणजे कोणता झिओलाइट उगवला ते सांगतं की पाणी किती गरम होतं.

माझा प्रश्न : पोकळीतला स्टिलबाइट बोटभर, आणि कारखान्यातला डोळ्याला दिसतसुद्धा नाही. असं का?

मधुरा_सामा :
बिजांची संख्या आणि सबुरी. कारखान्यात जेल म्हणजे प्रचंड गर्दी, बिजं अगणित पडतात, प्रत्येकाच्या वाट्याला माल थोडा. ४ए चे स्फटिक जेमतेम काही मायक्रॉनचे होतात, आणि पावडरीसाठी तसेच हवे असतात. मोठे झाले तर कपड्यात अडकतील. पोकळीत पाणी जेमतेम अतिसंपृक्त, बिजं मोजकी, आणि घाई कोणालाच नाही.

प्रयोगशाळेत मोठे करायचे तर हाच मार्ग धरतात. १९७१ मध्ये चार्नेल यांनी ट्रायइथॅनॉलअमीन घालून ए आणि एक्सचे मोठे स्फटिक वाढवले. ते ॲल्युमिनियमला धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं, त्यामुळे पाण्यात एकदम गर्दी होत नाही. तरी मोठे म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. अमेरिकेचे अल सॅको तर झिओलाइट वाढवायला ऑक्टोबर १९९५ मध्ये कोलंबिया यानातून स्वतः अवकाशात गेले. पृथ्वीवर स्फटिक जड झाला की तळाशी बसतो आणि शेजाऱ्यांशी चिकटतो, तिथे तो तरंगत राहतो.

रोकडा_सवाल :
आणि या तुझ्या झेडएसएम-५ मध्ये काय वेगळं असतं? तिथे जेल नसतं म्हणतात, नितळ द्रावणातूनच होतो.

मधुरा_सामा :
नितळ दिसतं, असतं असं नाही! पारदर्शक बाटलीत काही नॅनोमीटरचे सिलिकाचे कण लाखोंनी तरंगत असतात. त्यामुळे "द्रावण की जेल" हा प्रश्न तिथे नव्या रूपात येतो. सुटे रेणू येऊन चिकटतात की हे कणच्या कण?

२०१४ मध्ये लुपुलेस्कू आणि रायमर यांनी सिलिकालाइट-१ चा (झेडएसएम-५ ची ॲल्युमिनियम नसलेली जोडी) वाढता पृष्ठभाग गरम द्रावणातच अणुबल मायक्रोस्कोपने पाहिला. दोन्ही गोष्टी घडताना दिसल्या. कण येऊन बसतो, आधी विस्कळीत उंचवटा असतो, मग खालच्या जाळीशी जुळवून घेतो. आणि रेणू येऊन पायऱ्यांच्या कडाही पुढे सरकतात. झिओलाइट ए च्या पृष्ठभागावरही अशा पायऱ्या दिसल्या आहेत, साधारण १.२ नॅनोमीटर उंचीच्या, चौकोनी, एकावर एक.

दुसरा फरक म्हणजे साचा. ४ए मध्ये पाण्याने वेढलेला सोडियम रचनेला वळण देतो. सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलं तर वेगळेच झिओलाइट निघतात. झेडएसएम-५ साठी टेट्राप्रोपिलअमोनियम वापरतात. तो आयन दोन नळ्या जिथे एकमेकींना छेदतात नेमका तिथे अडकलेला सापडतो, ९६ चौफलकांच्या एका एककात चार. भोवती भिंती उभ्या राहिल्या की त्याला बाहेर पडता येत नाही. शेवटी साडेपाचशे अंशांच्या आसपास जाळून टाकायचा, तेव्हा नळ्या मोकळ्या होतात. आमच्या भट्टीतून त्या दिवशी जो वास येतो, मासळी बाजारही परवडला.

लेहेरीपुरा :
मी बीकॉमवाली, पण अथपासून वाचतेय. ते कोविडच्या वेळी घरोघर आलेलं ऑक्सिजनचं मशीन, त्यातही झिओलाइटच असतो ना? आणि हे सगळं हाताने बनवायचं कोणाला सुचलं?

सूरसागर_काठ :
हो ताई, त्याच कुळातला. हवेतला नायट्रोजन त्या पोकळ्यांत जास्त धरला जातो आणि ऑक्सिजन पुढे निघतो. आणि गंमत म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागाचा धंदा हवेतून ऑक्सिजन-नायट्रोजन वेगळे करण्याचा. तिथे रॉबर्ट मिल्टन यांना त्यासाठी चांगला झिओलाइट हवा होता. नैसर्गिक खनिज हवं तेवढं आणि हवं तसं मिळत नव्हतं. ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर हे शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत झिओलाइट घडवत होते, पण त्यांची सुरुवात भूगर्भाची नक्कल करून, जास्त तापमान आणि दाब वापरून झाली. मिल्टननी उलट केलं. खनिजांऐवजी ताजं, चटकन विरघळणारं जेल घेतलं, कॉस्टिक भरपूर, आणि तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास. १९४९ मध्ये झिओलाइट ए हाती आला, जो निसर्गात तोवर कोणी पाहिलेला नव्हता. इतका अस्थिर पदार्थ जास्त गरमीत टिकलाच नसता. म्हणजे फिल्टरप्रेस, तुमच्या रात्रपाळीत जे झालं ते टाळण्यातच तो शोध होता.

बडोदेकरांना जाता जाता : कोयलीच्या रिफायनरीत जड तेल फोडायच्या युनिटमध्ये वाय जातीचा झिओलाइट काम करतो. आणि ऐंशीच्या दशकात पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आलेला एनसिलाइट हा झिओलाइट आपल्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कारखान्यात झायलिनसाठी वापरला गेला. हे गावात कितीजणांना ठाऊक आहे देव जाणे.

फिल्टरप्रेस :
काका, मधुरा, दोघांचेही आभार. एक व्यवहाराची गोष्ट विचारतो. मागच्या बॅचचा थोडा माल नव्या जेलमध्ये टाकला तर वेळ वाचतो असं आमचे जुने ऑपरेटर म्हणतात. खरं आहे?

मधुरा_सामा :
खरं आहे, बीज टाकल्यासारखंच. सुरुवातीचा सपाट काळ आखडतो. पण दोन सावधगिऱ्या. टाकलेल्या मालात सोडालाइटचा अंश असेल तर तोही बीज म्हणून काम करेल, म्हणून त्या बिघडलेल्या बॅचचा चमचाभरही रिअ‍ॅक्टरच्या आसपास फिरकू देऊ नका. टाकी, पाइप, व्हॉल्व्हचे कोपरे कॉस्टिकने उकळून धुऊन घ्या. आणि वेळ आखडला म्हणजे उतरवायची वेळही अलीकडे आली, नमुने त्या हिशेबाने काढा.

दगडफोड्या :
मला हे शाळेतल्या मुलांना दाखवायचंय. काचेच्या बाटलीत करता येईल?

मधुरा_सामा :
काच नको. गरम कॉस्टिक काच खातं, आणि काचेतली सिलिका मिश्रणात येऊन प्रमाण बिघडवते. पॉलिप्रॉपिलीनची झाकणाची बाटली घ्या. हातमोजे आणि चष्मा मुलांनाही. सोडियम मेटासिलिकेट, सोडियम ॲल्युमिनेट, थोडं कॉस्टिक, भरपूर पाणी, झाकण लावून ९९ अंशांवर तीन-चार तास. मग गार करून गाळा आणि गाळलेल्या पाण्याचा पीएच ९ च्या खाली येईपर्यंत धूत राहा. शाळेच्या मायक्रोस्कोपखाली फार तर बारीक चमकणारे ठिपके दिसतील, त्यांच्या कडा दिसणार नाहीत. त्यापेक्षा सुकवलेली भुकटी शंभरच्या वर चांगली तापवून, गार झाल्यावर तळहातावर घ्या आणि वर पाण्याचे दोन थेंब टाका. पाणी पोकळ्यांत शिरताना उष्णता बाहेर टाकतं, हाताला चटकन कळते. थेंब दोनच टाका आणि भुकटीही थोडीच घ्या, जास्त घेतलीत तर चटका बसेल.